आधी मोठ्यानं वाच

माझी मुलगी सहावीत आहे. गणित अडलं की ती मोबाईल पुस्तकावर धरते, फोटो काढते आणि पायऱ्यांसकट उत्तर तिच्यासमोर येतं. परवा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता, म्हणून ती पुस्तक घेऊन माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. मी भाजी चिरत होते. मान वर न करताच म्हणाले, "आधी मोठ्यानं वाच."

"तू बघ ना, मम्मी. समोरच तर आहे."

"मला नाही दिसत. तू वाच."

तोंड वाकडं करून ती वाचायला लागली आणि तिसऱ्या ओळीवर अडखळून थांबली. "अच्छा, असं आहे होय," म्हणाली आणि पुस्तक घेऊन परत गेली. मला पुढे काही सांगावंच लागलं नाही. माझा हात मात्र तसाच विळीवर राहिला. ते वाक्य माझं नव्हतं. ते रहांगडाले सरांचं होतं, आणि सरांना जाऊन आता वर्ष होत आलं.

गोंदिया जिल्ह्यात, दवनीवाड्याच्या अलीकडे आमचं गाव. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मध्ये वस्ती, आणि वस्तीच्या टोकाला दहावीपर्यंतची शाळा. सर तिथे गणित आणि विज्ञान शिकवायचे. उंच माणूस, खांद्यात थोडा वाकलेला. फळ्यासमोर उभे राहिले की पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलायचे, आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की त्याच तोंडातून "का गा, काऊन उभा हायेस इथं?" असं अस्सल आमच्याकडचं निघायचं. आम्हाला त्याची फार मजा वाटे.

मी नववीत होते त्या वर्षी सरांच्या वागण्यात काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. संध्याकाळी शाळा सुटायला उशीर झाला की ते अस्वस्थ व्हायचे. वर्गात चालताना बाकांना धडकायचे. फळ्यावर अक्षर सुरेख काढायचे, पण बाजूला ठेवलेला खडू त्यांना सापडायचा नाही. प्रयोगाच्या तासाला विचारायचे, "सांगा पाहू, रंग कोणता झाला?" आधी आम्हाला वाटायचं, परीक्षाच घेताहेत. मग हळूहळू वर्गाला उमगलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण सर आत यायच्या आधी वाटेतले बाक सरळ होऊ लागले, खडू नेहमी टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर असायला लागला. रंग विचारला की सगळे एका सुरात सांगायचे.

हे असं किती काळ चाललं असतं कोण जाणे. पण एका दुपारी प्रयोगाच्या तासाला स्पिरिटचा दिवा पेटवलेला होता. त्या दिव्याची ज्योत दिवसाच्या उजेडात चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही धड दिसत नाही. सर टेबलावरून हात पुढे करायला गेले आणि त्यांच्या शर्टाची बाही पेटली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं पाण्याचा जग ओतला म्हणून थोडक्यात भागलं. मनगटावर पोळलं तेवढंच.

सर ओल्या बाहीनं तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मुलांनो, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. मला समोरचं एवढंसंच दिसतं, बांगडीएवढं. बाजूचं काही दिसत नाही. आणि ती बांगडीही लहान होत चालली आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आम्हाला माहीत आहे, सर."

सरांनी त्या आवाजाकडे तोंड वळवलं. खडू होता तिथेच ठेवला आणि सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. त्यांनी सरांना कार्यालयात बसून करायचं काम दिलं. नोकरीला धक्का नव्हता. पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि सरांनी स्वतःहून राजीनामा दिला. सगळ्यांना तो वेडेपणा वाटला. पुढे एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "भिंतीच्या पलीकडं कोणी तरी माझा धडा शिकवून राहिला हाये, आनि मी इकडं टेबलावर हात ठेवून बसून राहिलो. तूच सांग, कसं बसवन?"

त्या पावसाळ्यात सर घराबाहेर पडले नाहीत. गोंदियाच्या, मग नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यावर इलाज नाही. तोवर बांगडीही मिटली होती. दार उघडं आहे की बंद, एवढंच उजेडावरून कळायचं. छपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, खाटेवर बसायचे आणि वाखाची दोरी वळायचे. दिवसदिवस बोलायचे नाहीत. त्यांच्या घरी शेती होती, बैल होते, दोरी लागायची. पण इतकी नाही. वळलेल्या दोऱ्यांची वेटोळी छपरीच्या आढ्याला लटकत राहिली.

त्यांच्या बायकोचं नाव ललिता. आम्ही काकू म्हणायचो. ठेंगण्या, ठसठशीत बोलणाऱ्या, गणिताशी त्यांचं उभं वैर. मी दहावीत गेले होते. एक दिवस शाळेतून घरी जात होते, तर काकूंनी अंगणातून हाक मारली आणि मी जवळ जाताच माझं दप्तरच धरलं.

"काय वो पोरी, गणितात काही अडलं आहे का तुले?"

"नाही काकू."

"नाही?"

"नाही."

काकूंनी एकदा छपरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मंग अडव."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दप्तरावरची पकड काही सुटत नव्हती. मी आत गेले. सर दोरी वळत होते. मी विज्ञानाचं पुस्तक उघडलं आणि मला येत असलेलं उदाहरण मुद्दाम काढलं. म्हटलं, सर, हे समजत नाही.

"आधी मोठ्यानं वाच," सर म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

मी वाचलं. कड्यासमोर उभं राहून कुणी टाळी वाजवतो, चार सेकंदांनी प्रतिध्वनी ऐकू येतो, ध्वनीचा वेग दिलेला आहे, तर कडा किती दूर? मी लगेच गुणाकार करून उत्तर सांगूनही टाकलं. येत होतं ना मला!

दोरी थांबली. "आमची विहीर पाह्यली?"

"हो. अंगणाच्या टोकाला."

"हात लावून ये तिले."

मी गेले, विहिरीच्या कठड्याला हात लावला, परत आले.

"आता सांग. जितकी तू चालली, तितकी दूर हाये का विहीर?"

"नाही सर. मी तर जाऊन परत..." आणि माझं वाक्य तिथेच राहिलं. टाळीचा आवाजही कड्यापर्यंत जाऊन परत आला होता. मी जायचं आणि यायचं दोन्ही अंतर कड्यावर लादून मोकळी झाले होते.

सर हसले. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. काकू दाराआडून ऐकत असणार. खोटं खोटं अडवायला गेलेली मी खरीच अडले होते, आणि घरी जाताना मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला नेलं, तिनं भावाला आणलं. दिवाळीपर्यंत सरांची छपरी शाळा सुटल्यावर भरून जायला लागली. सातवीपासून दहावीपर्यंतची पोरं पोत्यावर बसायची. सर कुणालाही उत्तर सांगायचे नाहीत. उदाहरण मोठ्यानं वाचायचं, आकृती असेल तर शब्दांत सांगायची. "भिंग काढलं हाये, हे मले कसं समजन? फुगीर हाये का खोलगट? मेणबत्ती कोन्या बाजूनं?" ते सांगता सांगता आपल्यालाच आकृती पहिल्यांदा दिसायची. हातात दोरी चालू असायची. आपण चुकलो की ती थांबायची. त्यामुळे वाचणाऱ्याचं अर्धं लक्ष सरांच्या बोटांकडे असे. पाठ केलेलं भराभर म्हणून दाखवणाऱ्याला ते मध्येच अडवायचे, "तुझा आवाज पळाला इथं. परत ये. तुले समजलं नाही तिथंच तू पळतेस."

कधी खुद्द त्यांनाच अडायचं. तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "हे मले येत नाही." मोठा माणूस असं म्हणू शकतो, हे आम्हाला नवीन होतं. मग दुसऱ्या दिवशी गोंदियातल्या कुणा जुन्या मित्राला फोनवर तेच उदाहरण स्वतः मोठ्यानं ऐकवायचे. समजलं की आम्हाला सांगताना चेहरा असा, जशी नवीन बैलजोडीच आणली आहे. काकू चहाची किटली घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "तो एक्स सापडला का नाही अजून? रोज हरवते मेला!"

त्या छपरीत एक मुलगी यायची, त्रिवेणी. माझ्याच वर्गातली, पण सरांनी शाळा सोडल्यावर आलेली. खांबाच्या मागे बसायची आणि काही न बोलता जायची. ती बोलताना अडखळायची, फार अडखळायची. एकेका शब्दासाठी मान ताणली जायची, डोळे मिटायचे. शाळेत काही पोरं तिची नक्कल करत, म्हणून तिनं बोलणंच सोडून दिलं होतं. सरांना मात्र कुणी हे सांगितलं नव्हतं.

एक दिवस सरांनी खांबाच्या दिशेनं तोंड केलं. "तिथं कोनी तरी हाये. रोज येते, श्वास घेते, बोलत नाही. कोन हाये?"

कुणीतरी नाव सांगितलं.

"त्रिवेणी, ये बापा समोर. काय अडलं तुले? वाच मोठ्यानं."

त्रिवेणी उठली. पुस्तक उघडलं. पहिलाच शब्द अडकला. ती जोर लावत राहिली, सर वाट पाहत राहिले, आणि मागून एका पोराला हसू फुटलं. त्रिवेणीनं पुस्तक मिटलं आणि पळत अंगणाबाहेर गेली.

सरांना काय झालं ते आम्ही सांगितलं. त्यांनी हसणाऱ्या पोराला काही म्हटलं नाही. त्यांचा चेहरा मात्र उतरला. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना लवकर घरी पाठवलं. मला थांबवून म्हणाले, "मोठ्यानं वाच, मोठ्यानं वाच. तुमाले तो नियम चावीसारखा, तिच्यासाठी मी त्याचंच कुलूप केलं."

त्रिवेणी छपरीत परत आली नाही. शाळेतूनही दांड्या मारायला लागली. मग एका रविवारी सर मला म्हणाले, "मले तिच्या वावरात घेऊन चाल."

राजीनाम्यानंतर ते पहिल्यांदाच गावाबाहेर निघाले. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. काकू मागून ओरडल्या, "सांभाळून! चिखलात पडले तर धुवाले मीच हावो!" पण अडवलं नाही त्यांनी.

त्रिवेणीच्या बापानं ठेक्यानं जमीन केली होती. धानाची कापणी चालू होती. तो विळा हातात घेऊनच आमच्यापाशी आला. सरांना पाहून त्याला अवघडल्यासारखं झालं. पण बोलायला तो तिखट माणूस.

"सर, खरं सांगतो. तोंडी परीक्षा असते म्हनते दहावीत. पोरगी नाव सांगाले पानी पेते. कायले मांडावं तिचं हसं? मोठीच्या सासरकडून लग्नाचं ठिकान आलं हाये. चांगले लोक हायेत. देऊन टाकतो."

"दे न. पन दहावी होऊ दे."

"कशी होइन? तुमाले दिसत नाही, तिले बोलता येत नाही. असी कसी शाळा चालन तुमची?"

मला वाटलं, आता सरांना लागणार. पण सर मोठ्यानं हसले, इतके, की कापणीच्या बाया माना वर करून पाहायला लागल्या. "तेच तर मलेही पाहाचं हाये. तिले शिकवाले नाही बोलावत मी. मले भूमितीच्या आकृत्या दिसत नाहीत, त्या मले कोनी दाखवन का, हे विचाराले आलो. परीक्षेपर्यंत पाठव. मंग तुझ्या मनाले येईन ते कर."

बाप विळा घेऊन परत कापणीला लागला. त्रिवेणी थोड्या अंतरावर पेंढ्या बांधत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दोन दिवसांनी ती आली. पुस्तक काढलं नाही. गोठ्याच्या बाजूला तणशीचा, धानाच्या वाळल्या काड्यांचा, ढीग होता, त्यातल्या मूठभर काड्या तिनं घेतल्या आणि सारवलेल्या जमिनीवर सरांसमोर बसून एकेक काडी मांडायला लागली. त्रिकोण झाला. एका कोनातून समोरच्या बाजूपर्यंत एक काडी गेली. जिथे काही काढायचं होतं तिथे तिनं चिंचोका ठेवला. मग तिनं सरांचा हात धरला आणि त्यांचं बोट पहिल्या काडीवर टेकवलं.

सर त्या काडीवरून बोट फिरवत गेले. टोकाला पोचले, वळले, दुसऱ्या काडीवर गेले. "हा कोन दुभागला हाये?" त्रिवेणीनं त्यांचा हात एकदा दाबला. "आनि ही लांबी पाहिजे?" परत दाबला. एका जागी सरांचं बोट चुकीच्या काडीवर गेलं, तर तिनं ते उचलून बरोबर काडीवर ठेवलं. गोठ्यातल्या बैलाचं रवंथ ऐकू येत होतं. मग त्रिवेणीनं आणखी एक काडी मोडून समांतर लावली, आणि सरांचं बोट त्या काडीवर जाताच ते ताठ बसले. समांतर रेषा आली होती म्हणजे उदाहरण सुटलं होतं. ते तिनंच सोडवलं होतं, एक शब्द न बोलता.

सरांनी दोन्ही तळवे त्या त्रिकोणावर पसरून ठेवले. मग आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "ललिता, चहा मांड. सगळ्यायले."

त्यानंतर आम्ही सगळेच काड्या मांडायला लागलो. वर्तुळासाठी दोरी आली, जिचा सरांकडे काही तोटा नव्हता. विजेच्या मंडलात, म्हणजे सर्किटमध्ये, शेंगदाण्याची टरफलं दिवे झाली, गाठ मारलेली काडी म्हणजे रोध. त्रिवेणी सगळ्यांत भराभर मांडायची, आणि कुणी चुकीचं मांडलं तर पुढे वाकून नीट करायची. तिला हसलेला पोरगा एकदा स्वतःच तिच्याकडे मंडल घेऊन गेला.

तिचं अडखळणं तसंच होतं. सरांनी ते घालवायचा प्रयत्नही केला नाही. तोंडी परीक्षा जवळ आली तेव्हा फक्त एवढं म्हणाले, "शब्द थांबला तर थांबू दे. हातानं सांग. समोरच्याले घाई असन, तर ती त्याची घाई हाये. तुझी नाही."

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. माझा नंबर त्रिवेणीच्या मागेच होता. टेबलावर सेल, तारा, दोन छोटे दिवे. परीक्षकांनी विचारलं, "दिवे समांतर जोडले आणि एक काढून घेतला, तर दुसऱ्याचं काय होईल?"

त्रिवेणीनं तोंड उघडलं. मान ताणली गेली. शब्द आला नाही.

"पाठ केलं नाही का?" परीक्षकांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पुढची."

मी पुढे सरकले नाही, कारण त्रिवेणी जागची हलली नव्हती. तिनं तारा उचलल्या, दिवे जोडले. एक दिवा काढला. दुसरा जळतच राहिला. मग तिनं सगळं सोडवलं, तेच दिवे एकामागे एक जोडले, आणि एक काढला. दुसरा विझला. तो विझलेला दिवा बोटानं दाखवून तिनं परीक्षकांकडे पाहिलं. हे त्यांनी विचारलंही नव्हतं.

परीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "का विझला?" त्यांनी विचारलं. आवाज बदललेला होता. "सावकाश सांग. मी थांबतो."

त्रिवेणीनं सांगितलं. त्याला वेळ लागला. ते थांबले.

निकाल लागला त्या दिवशी आम्ही पेढे घेऊन सरांकडे गेलो, तर त्रिवेणी आधीच तिथे पोचलेली. छपरीच्या पायरीवर उभी राहून सांगत होती, "स... स... सर, पा... पास."

"परत सांग," सर म्हणाले.

तिनं धापा टाकत विचारलं, "का... काऊन?"

"मले काही घाई नाही. चांगलं वाटते ऐकाले."

त्रिवेणीनं पुन्हा सांगितलं. मग ती रडली, काकू रडल्या, आणि सर आढ्याच्या दिशेनं तोंड करून पेढा खात राहिले. ते आलेलं ठिकाण तिच्या बापानं परत पाठवलं. त्रिवेणीनं गोंदियाला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. आज ती विजेच्या उपकेंद्रात काम करते. बोलणं अजून तसंच आहे. पण आता ती फोनवरही बोलते, आणि लोक थांबतात.

पुढे वर्षं गेली. मी लग्न होऊन गोंदियात आले. गावात टॉवर आला, हाताहातांत मोबाईल आले. छपरीतली पोरं कमी होत गेली. मधे एकदा गेले होते तेव्हा शेजारचा एक पोरगा सरांना मोबाईलचं कौतुक दाखवत होता. त्यानं उदाहरणाचा फोटो काढला आणि मोबाईल बाईच्या आवाजात सगळ्या पायऱ्या घडाघडा वाचून दाखवायला लागला. मला वाटलं, सर उदास होतील. ते तर लहान पोरासारखे खूश. "वा! ह्याले वाचता येते, बोलता येते. उत्तरही बरोबर हाये." मग जरा विचार करून म्हणाले, "पन ह्याले कधी अडते का?"

"नाही सर. कधीच नाही."

"मंग समजल्याचा आनंद कसा होत असन गा ह्याले?" सर म्हणाले, खरोखरच त्या मोबाईलची काळजी वाटल्यासारखे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. मुलीला घेऊन स्कूटीनं गेले होते. सर फार वाळले होते. काकूंनी त्यांना अंगणात उन्हाला खुर्ची टाकून दिली होती. माझी मुलगी बराच वेळ त्यांच्या डोळ्यांकडे टक लावून पाहत होती. मी नजरेनं दटावत होते, तरी तिनं विचारलंच, "आजोबा, तुम्हाला सगळं काळं काळं दिसतं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांचा चेहरा मात्र उजळला.

"तुझ्या पाठीमागं काय हाये आता?"

"भिंत."

"न वळता दिसते?"

"नाही."

"मंग पाठीमागं तुले काळं दिसते का?"

मान न वळवता मागचं पाहायचा तिनं कसून प्रयत्न केला. "नाही," ती हळूच म्हणाली. "काळं नाही. तिथं काहीच नाही."

"बस. तुझं जसं मागचं, तसं माझं चहूकडचं." आणि मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "इतक्या वर्षांत कोनी विचारलं नाही. तूही नाही विचारलं."

मुलीनं मग त्यांना कितीतरी विचारलं. स्वप्नात दिसतं का, काकूंचा चेहरा आठवतो का. "आठवते," सर म्हणाले, "पन ती तेव्हाची. ती म्हातारी झाली म्हनते, मी कसा मानू?" काकूंनी "काही तरी बोलतात," म्हणत पदर तोंडाला लावला.

निघताना सर आमच्याबरोबर उठले, काठी टेकत फाटकापर्यंत आले. मी नमस्कार केला. गल्ली अरुंद, म्हणून मी स्कूटी चालू न करता ढकलतच पुढे नेली, गल्लीच्या टोकाच्या वडापाशी वळवली. मुलगी मागे बसत होती. बसता बसता थांबली.

"मम्मी, आजोबा तिकडे कोणाला बाय करून राहिले?"

मी वळून पाहिलं. सर फाटकाला धरून उभे होते आणि ज्या जागेवरून मी शेवटचं बोलले होते त्या जागेकडे पाहून हसत हात हलवत होते. तिथे कुणीच नव्हतं. गाडीचा आवाज झाला नव्हता, तेव्हा त्यांच्या हिशोबानं आम्ही अजून तिथेच होतो.

मी स्कूटी स्टँडला लावली, चप्पल हातात घेतली आणि आवाज न करता परत गेले. त्यांच्या समोर, ते हात हलवत होते त्या जागेवर, जाऊन उभी राहिले. आणि मीही हात हलवला.